युसूफ पटव्याचा अंगठा

युसूफचाचा दोरा ओढत होते. उजव्या पायाच्या अंगठ्याला रेशमाचा फास टाकलेला, दुसरं टोक डाव्या हाताला गुंडाळलेलं आणि उजव्या हाताची बोटं काळ्या मण्यांच्या मागे गाठ बसवत होती. समोर स्टुलावर एरंडोलकडच्या यशोदाबाई. त्यांच्या पोरीचं, भाविकाचं, लग्न तोंडावर आलेलं. मंगळपोत युसूफ पटव्याच्याच हातची पाहिजे म्हणून त्या सकाळच्या एसटीने जळगावला आल्या होत्या. चाचा त्यांना विचारत होते, जावई काय करतो, गाव कोणतं, सासू कशी आहे. गाठ मारताना चाचांचं तोंड कधी बंद नसायचं.

यशोदाबाई पोत बघायला वाकल्या आणि एकदम मागे सरकल्या.

"ओ भाऊ! हाई काय शे? रगत शे का?"

"रगत कसानं अक्का? तुमना हातनंच कुंकू लागेल व्हई."

मी माझ्या गाडीवरून पाहिलं. माझी हातगाडी चाचांच्या ओट्याला लागूनच असते. क्लिपा, रबरं, टिकल्या, खोट्या बांगड्या. तिथून चाचांचा पाय सरळ दिसतो. दोरा अंगठ्यावर नव्हता, अंगठ्यात होता. कातडी फाकलेली आणि रक्त टाचेपर्यंत गेलेलं.

"चाचा, पाय बघा."

"थांब ना, गाठ बसू दे."

"पाय बघा म्हणते ना!"

त्यांनी खाली पाहिलं. ते पण असं, की दुसऱ्या कोणाचा पाय आहे आणि आपण रस्त्याने जाता जाता बघतोय. मग दोन बोटांनी फास सोडवला. दोरा मांसातून निघाला. चाचांच्या तोंडावर काहीच नाही. असं करताना माणूस निदान डोळे तरी बारीक करतो. ते पण नाही. रक्ताची मला भीती वाटत नाही, पण त्या तोंडाची वाटली.

"माय वं!" यशोदाबाई उठूनच उभ्या राहिल्या. "लगीननी पोतले रगत लागनं. मी नही लेसू हाई पोत."

"अक्का, बसा. मणी गुलाबपाणीमा धुई लेस. दोरा नवा टाकस. बठ्ठं नवं."

बसल्या त्या. चाचांनी मणी खरंच धुतले, दुसरा दोरा काढला, डाव्या अंगठ्याला लावला आणि सगळी पोत पुन्हा ओवली. यशोदाबाईंनी ती हातात घेतली नाही, पदर पुढे केला आणि त्यात टाकायला लावली. मी गाडीवरचा नवा रुमाल फाडून चाचांच्या अंगठ्याला बांधत होते.

"दुखत नाही?"

"नाही ना." चाचा हसले. "चाळीस वर्षं दोरा ओढतोय. ते कातडं राहिलं नाही बेटा, चामडं झालंय."

चामड्यातून रक्त येतं का, असं मी विचारलं. तर म्हणाले, तहसीलदारबाई, तुमच्या गाडीवर गिऱ्हाईक आलंय.

चाचा मूळचे अमळनेरचे. बापाचाही हाच धंदा. बाप गावोगावच्या बाजारात चादर टाकून बसायचा आणि लहानपणी चाचा त्याच्याबरोबर फिरले, म्हणून अहिराणी अशी बोलतात की खेड्यावरच्या बायकांना त्यांचं नाव ऐकून नवल वाटतं. जळगावच्या सराफ बाजारात सोन्याची दुकानं काचेची, आत थंडगार. पण सोनं गळ्यात जातं ते दोऱ्यावर, आणि दोऱ्याचं काम चालतं बाहेर. गिरधरशेठच्या दुकानाच्या ओट्यावर चाचा बसतात. वाट्या असोत, डोरलं असो, आत विकलं की शेठ बोट दाखवतो, "बाहेर चाचांकडून ओवून घ्या."

नवरा गेलेली बाई पोत घेऊन येते, सोनं काढून द्या म्हणते. बाकीचे पटवे कात्री लावतात, काम संपलं. चाचा कात्री लावत नाहीत. एकेक गाठ नखाने सोडवतात. वेळ लागतो. तेवढ्यात बाई रडून घेते. चाचा मान वर करत नाहीत आणि तेव्हा मात्र गप्पाही मारत नाहीत.

मी नववीत शाळा सोडली. मला एका जागी बसवत नाही. गाडी लावली तेव्हा आजूबाजूच्या दुकानदारांनी मला दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा चाचा म्हणाले, ही माझ्या ओट्याची आहे, हिला हलवायचं असेल तर आधी मला हलवा. त्या दिवसापासून चाचांना कोणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. आणि चाचा स्वतःच स्वतःशी वाकडे वागले तर जास्त फिरतं.

जखम सुकेना. चाचा हळद भरत होते, वरून चिंधी. आठवडा गेला, चिंधी रोज ओली. मग वास यायला लागला. मला वाटलं गटार तुंबलंय. गटार नव्हतं. मी गाडीवर ताडपत्री टाकली, रिक्षा थांबवली आणि म्हटलं, "बसा."

"कुठे?"

"पिंप्राळ्यात, आमच्या घराजवळचे डॉक्टर. बसता की मी आरडाओरडा करू?"

"तू काय करशील त्याचा नेम नाही," म्हणाले आणि बसले.

डॉक्टरांनी चिंधी सोडली, वास घेतला आणि जखमेबद्दल काही न विचारता बोटाला सुई टोचली. साखर चारशेच्या वर. चाचांना वाटलं मशीन बिघडलंय. मग नळी भरून रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट आला, तेरा. चांगल्या माणसाची सहाच्या आत असते म्हणे. तहान लागते का, लघवीला उठता का, वजन उतरलं का, सगळ्याला चाचा हो म्हणाले. असं हो म्हणाले जसं काही हे सगळ्यांनाच होतं.

मग डॉक्टरांनी एक दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा आखूड दोरा.

"डोळे मिटा. पायाला हे लागलं की हो म्हणा."

चाचांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी अंगठ्याला टेकवलं, दोरा वाकेपर्यंत दाबला. चाचा गप्प. तळव्याला. गप्प. करंगळीला. गप्प. मग डॉक्टरांनी हात मागे घेतला, काहीच केलं नाही, आणि चाचा म्हणाले, "हो."

मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

डोळे उघडून चाचांनी आधी तो दोराच बघितला. "किती नंबरचा आहे डॉक्टर? बारीक आहे. जाड असता तर लागला असता."

"चाचा, दोरा बरोबर आहे. पाय सांगत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "साखर आज कळली, पण आली आज नाही. किती वर्षं आहे कोण जाणे. आधी बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. डोळ्यातल्या, किडनीतल्या, पायाच्या नसांना रक्त पोचवणाऱ्या. पायाला लागलेलं कळत नाही, मग असं होतं. आता दोन कामं. साखर हळूहळू खाली आणायची, आणि ही जखम भरायची. नाही भरली, आत हाडापर्यंत गेली, तर अंगठा काढावा लागतो."

काढावा लागतो. असंच म्हणाले, जसं चप्पल काढा म्हणतात.

परत येताना रिक्षात चाचा बोलत नव्हते. चाचा बोलत नाहीत म्हणजे मला बसवत नाही. नेहरू चौक आला तेव्हा म्हणाले, "दिपू, वर्षभरात किती जणींचं वाढलं?"

मंगळसूत्र तुटलं असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही, वाढलं म्हणतात. मी आठवून बघितलं. खूप जणींचं. चाचांची गाठ आधी वर्षानुवर्षं हलत नव्हती आणि या वर्षी बायका पदरात मणी घेऊन परत येत होत्या, कोणी रडत, कोणी भांडत. चाचांनी सुरतच्या रेशीमवाल्याला फोनवर शिव्या घातल्या होत्या. व्यापारी बदलला. नव्याचा दोरा पण तुटायचा. त्यालाही शिव्या.

"दोरा किती ओढायचा ते मला अंगठा सांगतो," चाचा म्हणाले. "फास रुतायला लागला की थांबायचं. तो सांगत नव्हता, मी ओढत राहिलो. दोरा ओवतानाच मरत होता." थोड्या वेळाने म्हणाले, "रेशीम चांगलंच होतं."

डॉक्टरांनी अंगठ्याला दोरा बांधायला बंदी केली, डाव्याला पण. फळीला लोखंडी आकडा ठोका म्हणाले. मी त्याच दिवशी ठोकून घेतला. चाचा त्याच्याकडे बघेनात.

"आकडा मुका असतो," म्हणाले.

"मग अंगठा कुठे गाणी म्हणतोय?"

असं बोलायला नको होतं असं लोक म्हणतील. पण ऐकलं त्यांनी. आकड्यावर काम सुरू झालं. पहिल्या पाच-सहा पोती ढिल्या झाल्या आणि त्यांनी स्वतःच सोडून टाकल्या.

सुई, म्हणजे इन्सुलिन, सुरू झाली. सोबत गोळ्या. चाचांची मुलगी जैनबआपा धुळ्यात दिलेली, तिने साखर मोजायचं मशीन पाठवलं. इथून खरी गंमत सुरू झाली आणि खरा घोटाळाही. सराफ बाजार सकाळी उघडतो तो भाव विचारत. चाचा ओट्यावर बसून बोटाला टोचायचे आणि गिरधरशेठ आतून ओरडायचा, "चाचा, आजचा भाव काय?"

"दोनशे ऐंशी!"

दुसऱ्या दिवशी, "आज?"

"दोनशे दहा!"

"सोनं चढून राहिलं, चाचा उतरून राहिले!"

सगळी गल्ली हसायची. चहावाला विचारायचा, शेजारचा घड्याळवाला विचारायचा. आणि चाचांना रोज कालच्यापेक्षा खालचा आकडा सांगायचा नाद लागला. भाव चढला तर ते आकडा सांगायचेच नाहीत, मशीन उलटं ठेवायचे. डॉक्टर हळूहळू म्हणाले होते, पण हळूहळू हा शब्द बाजारात कोणाला कळतो? चाचांनी भाकरी सोडली. भात सोडला. सकाळी कारल्याचं पाणी, दुपारी एक उकडलेलं अंडं, वरून सुई आहेच. एकदा दुपारी मणी निवडता निवडता त्यांचे हात थरथरायला लागले, कपाळावर घामाच्या धारा. मी पळत जाऊन गुळाचा खडा आणला, तोंडात कोंबला. मशीनवर पंचावन्न. सावरल्यावर पहिलं काय बोलले? "शेठला सांग, पंचावन्न."

मी शेठला सांगितलं नाही. शेठला मी दुसरंच सांगितलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर भाव विचारणं बंद झालं. पण चाचांचं खाणं काही वाढलं नाही.

होळीपर्यंत, तीन-चार महिन्यांतच, साखर एकदम सरळ. तीन महिन्यांची सरासरी तेरावरून साडेसहावर. जखमही भरत आलेली, ज्वारीच्या दाण्याएवढी राहिलेली. गिरधरशेठने पेढे वाटले, त्याला कळतही नाही काय वाटावं. मला वाटलं, सुटलो.

आणि चाचांच्या पायाला आग लागली.

आधी म्हणाले, चटके बसतायत. मग म्हणाले, निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखं होतंय. मग चादर पायाला लागली तरी ओरडायचे. ज्या पायाला दोरा कापत गेला तरी कळलं नव्हतं, त्या पायाला मोजा सहन होईना. बाजारात कोणाला सांगितलं तर लोक हसायचे. "जळगावात मार्च महिन्यात कोणाच्या पायाची आग होत नाही, चाचा? तेलाने तळवे चोळा, कांदा बांधा." मला पण आधी तसंच वाटलं. आमच्याकडे उन्हाळ्यात डांबर मऊ होतं, पायाचं काय घेऊन बसलात.

चाचांनी ओट्याखाली पाण्याची बादली ठेवली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोन्ही पाय बादलीत, वरती हात मण्यांत. बादलीत बर्फ. मी दोनदा बादली ओतून दिली, दोनदा त्यांनी पोराला पाठवून भरून घेतली. चौथ्या का पाचव्या दिवशी माझं लक्ष त्यांच्या पिशवीकडे गेलं. सुईचा डबा नव्हता.

"चाचा, डबा कुठे?"

"घरी."

"घरी घेता का मग?"

त्यांनी एक मणी उचलून दोऱ्यात घातला.

"घेता का?"

"नाही घेत. बंद केली." त्यांनी हातातला दोरा खाली ठेवला. "साखर चारशे होती तेव्हा मी चालत होतो, झोपत होतो, पोत ओवत होतो. काही दुखत नव्हतं. साखर उतरली आणि पायात भट्टी पेटली. हे औषध आहे का विष? तूच नेलंस मला."

"मीच नेलं. पुन्हा नेईन."

"मी नाही येणार."

"चाचा, अंगठा जाईल."

"जाऊ दे. जळणाऱ्या अंगठ्यापेक्षा नसलेला बरा."

असं म्हणाले. मी खाली बसले आणि बादलीतून त्यांचा उजवा पाय बाहेर काढला. पायाचं कातडं पाण्याने पांढरं, सुरकुतलेलं, भिजलेल्या भाकरीसारखं. ज्वारीच्या दाण्याएवढी जखम आता रुपयाएवढी उघडी होती आणि तिच्या एका कडेला काळी रेघ. काजळासारखी काळी.

मी तशीच पिंप्राळ्याला पळाले. डॉक्टर बाहेरगावी गेलेले. कंपाउंडर म्हणतो, पेशंटला आणा. मी म्हटलं, पेशंट येत नाही म्हणून तर मी आले, पायाला आग का लागली ते सांगा. म्हणतो, डॉक्टर परवा येतील. मी टेबलावर हात आपटला, त्यांचं पेनांचं भांडं सांडलं, दोघांनी मला बाहेर काढलं. बाहेर उभी राहून मी जैनबआपांना फोन लावला. त्या सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "रडू नको. अब्बांना फोन दे." मी रडत नव्हते. पण धावत परत जाऊन फोन दिला. बाप-लेक त्यांच्या बोलीत बोलले. चाचा शेवटी फक्त "हां, हां" करत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याच्या एसटीत. चाचा खिडकीशी. दोन्ही पायांवर ओला टॉवेल टाकायचा होता त्यांना, मी टाकू दिला नाही. पारोळ्यापर्यंत मी सारखी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते, काळी रेघ वाढली का. बसच्या धक्क्याने प्रत्येक वेळी त्यांचा जबडा आवळायचा. मला एकच वाटत होतं. सुई घ्यायला मी लावली. तिने आग लावली असेल, आणि सुई बंद केली म्हणून अंगठा जाणार असेल, तर मग या माणसाने करायचं काय? दोन्हीकडून त्याचाच पाय.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाई पायाचंच बघतात. जैनबआपा आधीच येऊन बसलेल्या. बाईंनी जखम साफ केली, काळं मांस कापून काढलं, सळई घालून बघितली हाड लागतं का. मी चाचांच्या तोंडाकडे बघत होते. बाई म्हणाल्या, "हाडापर्यंत नाही गेलेलं." मग एक्सरे काढायला लावला. मग सगळे कागद मांडून विचारलं, "तेरावरून साडेसहा? इतक्यात? काय केलंत?"

चाचांनी कारलं, अंडं, भाकरी सगळं सांगितलं. भाव पण सांगितला.

बाई हसल्या नाहीत. "चाचा, तुमच्या नसा वर्षानुवर्षं साखरेत राहिलेल्या. त्यांना तीच सवय. तुम्ही साखर झपकन खाली ओढली. अशी एकदम उतरली की कधी कधी नसा चवताळतात. आग होते, चादर सहन होत नाही. ते औषध विषारी असल्यामुळे नाही, घाईमुळे. असंच डोळ्याच्या पडद्याचंही बिघडू शकतं, म्हणून आज डोळे पण बघून घ्यायचे."

"मग सुई बंद केली ते बरोबर की चूक?" मी विचारलं. मला सरळ उत्तर पाहिजे होतं.

"चूक. साखर पुन्हा चढली तर ही जखम भरणार नाही आणि मग मला अंगठा काढावा लागेल. सुई घ्यायची, पण पोटभर जेवून. उपाशी नाही. आगीसाठी वेगळी गोळी देते. बादली बंद, बर्फ बंद, अनवाणी चालणं बंद."

"आणि आग कधी जाईल?" चाचांनी विचारलं.

"जाते. बहुतेक वेळा कमी होत जाते. पण महिने लागतात, चाचा. खोटं सांगत नाही."

चाचांनी स्वतःच्या पायाकडे बघितलं. मला वाटलं, आता नाही म्हणणार. जैनबआपांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "ही दिपमाला माझ्या ओट्याची आहे. हिला समजवून सांगा सुई किती. मी विसरलो तर ही मारते."

मी कधी मारलेलं नाही.

डोळ्याच्या पडद्यावर बारीक लाल ठिपके निघाले. नजर जाईल असं काही नाही, पण तीन-चार महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. एक्सरेत हाड ठीक. सुई थोडी कमी करून पुन्हा सुरू झाली. येताना जैनबआपांनी डब्यात ज्वारीच्या भाकरी बांधून दिल्या आणि चाचांनी एसटीत सगळ्यांदेखत त्यातली दीड खाल्ली, माझ्याकडे बघत.

मग माझं एक काम झालं. सकाळी गाडी लावली की आधी चाचांच्या पायाची पट्टी बघायची, मग विचारायचं, "आग?" एप्रिल आला, मे आला. ऊन असं की काचेच्या दुकानांची दारं हाताला चटके द्यायची. पट्टीखाली जखम रुपयाएवढी, मग हरभऱ्याएवढी. मी कोणाला सांगितलं नाही, पण ती लहान झालेली दिसली नाही की त्या दिवशी माझ्या तोंडाला चव नसायची, मी गिऱ्हाइकांवर चिडायची.

"आग?"

"आहे."

"सुई?"

"घेतली ना, तहसीलदारबाई."

एक दिवस, मेच्या मध्यावर असेल, मी विचारलं, "आग?" आणि चाचा म्हणाले, "गेली."

"गेली म्हणजे?"

"गेली म्हणजे गेली. रात्री झोपलो मस्त. बघ, मोजा घातलाय."

खरंच मोजा घातला होता. मी त्या दिवशी सगळ्या गल्लीला चहा पाजला. गिरधरशेठला म्हटलं, बघा, औषध विष नसतं, तुमचा भाव विष होता. शेठ म्हणाला, पोरी, तू वकील व्हायला पाहिजे होतंस. त्यानंतर मी आगीचं विचारायचं सोडून दिलं, फक्त पट्टी बघायची. चाचा कधी कधी मणी ओवताना मध्येच थांबायचे, डोळे मिटायचे. मला वाटायचं, गाठ मोजतायत.

जून संपता संपता जखम मिटली. त्या जागी पातळ गुलाबी कातडं. धुळ्याच्या बाईंनी फोटो मागवून घेतला, म्हणाल्या, अंगठा राहिला. आता चाचा आकड्यावरच पोत ओवतात. दोरा किती ओढायचा ते बोटांनी शिकले. आधी हळू ओढून कानाजवळ छेडून बघायचे, आता नुसतं धरलं की कळतं. साखर सातच्या आसपास. भाव कोणी विचारला तर म्हणतात, माझं दुकान नाही सोन्याचं.

दिवाळीनंतर जैनबआपा माहेरी आल्या होत्या. ओट्यावर बसून माझ्या गाडीवरच्या क्लिपा बघत होत्या, चाचा नमाजला गेलेले. मी सहज म्हटलं, बरं झालं मेमध्येच आग थांबली, नाहीतर त्यांनी सुई पुन्हा फेकली असती.

आपांनी माझ्याकडे बघितलं.

"थांबली कुठे? नवरात्रापर्यंत होती," त्या म्हणाल्या. "रोज रात्री मला फोन करायचे, पाय फरशीला लावून बसायचे. सुई एक दिवस चुकवली नाही. पण दिपूला सांगू नको म्हणाले, ती डॉक्टरांशी भांडायला धुळ्याला येईल आणि तिची गाडी बंद राहील."